तिथी, पाणी आणि मानस

कोल्हापुरात नदी एकाच दिशेला वाहते. पंचगंगेला पूर येतो, घाट बुडतो, शिरोळकडचे रस्ते बंद पडतात. पण पाणी मागं फिरलं असं कुणी सांगितलं तर आमच्याकडे त्याला चहा पाजून घरी सोडून येतील. लग्न होऊन गोव्यात, मांडवी नदीतल्या चोडण बेटावर आले तेव्हा नदीबद्दल मला एवढंच ठाऊक होतं. आणि इथं मांडवी रोज उलटी वाहत होती. सकाळी फेरीबोटीतून रायबंदरला जाताना एखादी झावळ समुद्राच्या बाजूनं आत निघालेली दिसायची, संध्याकाळी परतताना दुसरी एखादी पणजीच्या दिशेनं बाहेर.

नवऱ्याला विचारलं. "भरती असते गं," म्हणाला आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. जे पाण्याच्या काठीच वाढले त्यांना एवढं उत्तर पुरतं. मला पुरलं नाही. भरती असते हे शाळेत मीही घोकलं होतं. पण आज सव्वाआठला पाणी वर का, चार दिवसांनी सव्वाआठला खाली का, आणि पुढच्या सोमवारी कुठे असेल ते आज सांगता येईल का, हे कुठल्याच धड्यात नव्हतं.

माझी नोकरी पणजीत पाटोला. सकाळची फेरी ठरलेली, संध्याकाळची ठरलेली. या कंटाळवाण्या गोष्टीचा एक फायदा फार उशिरा ध्यानात आला: रोज एकाच वेळी धक्क्यावर उभं राहणाऱ्या माणसाची वेळ स्थिर असते, बदलतं ते फक्त पाणी. धक्का म्हणजे पाण्यात उतरत गेलेला उतार. कडेच्या दगडी बांधकामावर शेवाळाच्या आणि शिंपल्यांच्या रेघा. त्यांतल्या काही मी खुणेसाठी धरल्या आणि घरच्या कालनिर्णयाच्या चौकोनात रोज लिहायला लागले: सकाळी कुठवर, संध्याकाळी कुठवर. सासूबाईंच्या गॅस सिलिंडरच्या नोंदी आणि माझं पाणी एकाच चौकोनात दाटीवाटीनं राहायचे. महिना उलटला तेव्हा पंधरवड्यानं पाणी त्याच रेघांवर परत येतंय हे नुसत्या नजरेनं कळायला लागलं.

कालनिर्णय हाताशी होतं म्हणून तिथी डोळ्यांसमोर होती, हा निव्वळ योगायोग. इंग्रजी कॅलेंडर असतं तर कदाचित मी आणखी वर्षभर चाचपडले असते. कारण पाणी तारखेला ओळखत नाही, तिथीला ओळखतं.

ते मला नीट समजावलं फेरीवरच्या एका जुन्या खलाशानं. निवृत्तीला आलेला माणूस. दोर टाकता टाकता मी वाकून रेघा बघते हे त्यानं कधीचं हेरलं होतं.

"रोज काय बघतेस गो बाय?"

"पाणी किती चढलं ते."

"आज तिथी किती?"

"पंचमी."

"पाचाची पाऊणपट कर."

"पावणेचार."

"मग पावणेचारला भरती भरणार. दुपारी एकदा, मागीर रातची एकदा. झालं तुझं शिक्षण." आणि गाड्यांना हात करत निघून गेला.

झालं नव्हतं, सुरू झालं होतं. ही पाऊणपट कोकणपट्टीवर सगळीकडे ठाऊक आहे. प्रतिपदेपासून मोजायचं, पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पण पाऊणच का? दुपारच्या सुट्टीत मी पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसायला लागले. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय माझ्या ऑफिसपासून चालत जायच्या अंतरावर, आणि त्याआधी मी तिथे फक्त मुलाच्या प्रोजेक्टसाठी गेले होते. उत्तर सापडलं ते पंचांगाच्या गणितात. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. पृथ्वी स्वतःभोवती ३६० अंश फिरायला २४ तास घेते, म्हणजे १२ अंशांना ४८ मिनिटं. चंद्र रोज साधारण तेवढा उशिरा डोक्यावर येतो आणि भरतीही तेवढीच उशिरा. ४८ मिनिटांचा तोंडी हिशोब कोण करणार? पाऊण तास धरला की काम झालं. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा बसवलं तो माणूस मला भेटायला हवा होता.

मग मी पडताळा घ्यायला लागले आणि एक गंमत निघाली. आमच्या धक्क्यावर पाणी हिशोबाच्या आधीच चढायचं. कधी थोडं आधी, कधी चांगलं तासभर. खलाशाला सांगितलं तर तो हसला. "तो हिशोब वरून आलेला, रत्नागिरी-मुंबईच्या बाजूनं. आमचं पाणी घाईचं." तो गमतीनं बोलला खरा, पण वाचत गेले तसं त्याचं म्हणणं खरंच ठरलं. पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. गोव्याला भरली की साधारण तासाभरानं मुंबईला भरते. शिवाय मुंबईला उधाणाचं, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीचं पाणी जितकं चढतं-उतरतं त्याच्या निम्मंच इकडे, दोनेक मीटर. आणि दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. एक थोरली, एक धाकटी. हे शेवटचं माझ्या कालनिर्णयात आधीपासून लिहिलेलं होतं, फक्त मला त्याचा अर्थ लागत नव्हता. सर्वे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापतं, त्यात मुरगावचे आकडे असतात. मोबाइलवरही आता सगळं मिळतं. मैत्रीण म्हणाली, "ॲप टाक की, कशाला डोकं शिणवतेस?" ॲप आहे माझ्याकडे. पण त्यात बघितलेलं संध्याकाळपर्यंत विसरते आणि पाऊणपट केलेली विसरत नाही.

आमच्या घरात या सगळ्याकडे कौतुकानं बघणारं एकच माणूस होतं, सासरे. बाबा निवृत्त कारकून, पण मन शेतकऱ्याचं. चोडणच्या खाजनात त्यांचा थोडा वाटा. भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खालची ही जमीन, खाडीला मातीचा बांध घालून राखलेली. एका रविवारी म्हणाले, "धक्क्यावर काय बघतेस, मानस बघ. पाणी कसं हुकूम मानतं ते कळेल."

बांधावरून चालत गेलो. एका बाजूला नदी आणि खारफुटी, दुसऱ्या बाजूला शेत, आणि दोन्हींच्या मध्ये चिऱ्याचं एक बांधकाम. त्यात बिजागऱ्यांवर फिरणाऱ्या लाकडी झडपा. हीच मानस. बघायला काही विशेष नाही. किती पर्यटक तिच्या शेजारून सलीम अली अभयारण्यात पक्षी बघायला जात असतील, मान वळवत नाहीत. मीही त्यांच्यातलीच होते.

"कुणी उघडतं का ही?" मी विचारलं.

"मानशीक घड्याळ नाका," म्हणजे मानशीला घड्याळ लागत नाही, असं बाबा म्हणाले आणि बांधावर रुमाल टाकून बसले.

तिथी बघूनच गेलो होतो, तेव्हा सुकती, म्हणजे ओहोटी, संपत आली होती. आतल्या पोंयचं, म्हणजे शेतातून येणाऱ्या ओढ्याचं पाणी झडपा ढकलून नदीत पडत होतं. चांगला आवाज होता त्याला. मग नदी चढायला लागली. पाण्याचा आवाज बसत गेला, धार रोडावली, आणि आत-बाहेर पाणी सारखं झालं तेव्हा काही मिनिटं कुणीच कुणाला ढकलत नव्हतं. झडपा जरा हलत राहिल्या. मग बाहेरच्या पाण्यानं त्यांना हळूच रेटलं, त्या चौकटीवर आपटल्या, आणि मिटल्या. त्यानंतर नदी जेवढी चढत गेली तेवढ्या त्या घट्ट दाबल्या जात होत्या. खाऱ्या पाण्याला आत यायचं असतं, आणि त्याचाच जोर दार लावून घेतो. सहा-सात तासांनी नदी खाली गेली की आतलं पाणी दार उघडतं. मोटर नाही, वॉचमन नाही, बिल नाही. मी अकाउंट्समध्ये काम करते. इतकी कमी खर्चाची व्यवस्था मी आजवर कुठल्याच ताळेबंदात पाहिलेली नाही.

मला आधी वाटायचं की झडप भरतीला मिटते. प्रत्यक्षात ती भरती भरायच्या किती तरी आधी मिटते, आणि किती आधी ते आतल्या पाण्यावर ठरतं. पावसाळ्यात शेत तुडुंब असतं तेव्हा उशिरा, उन्हाळ्यात लवकर. हे तासन्तास बसल्याशिवाय कळत नाही. बाबा आणि मी पुढं पुष्कळदा तिथे बसलो. चहाचा थर्मास, शेंगदाणे. सून आणि सासरा बांधावर बसून दाराकडे बघतायत म्हणून गावात थोडी करमणूकही झाली.

बाबांकडून बाकीचं कळलं. पावसाच्या पाण्यानं मातीतला खार धुऊन जातो आणि मग भात. पूर्वी कोरगूट, जे खाऱ्यातही तग धरतं. आता जुने गोवेच्या कृषी संशोधन संस्थेनं काढलेली गोवा धान नावाची खार सोसणारी वाणंही आहेत. उधाण ओसरलं की बांधावरून फेरी मारायची, कारण कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बांध पोखरतात, आणि बोटभर भोकातून सुरू झालेलं पाणी पुढच्या उधाणाला बांध घेऊन जातं. हे सगळं राखायचं काम एकट्याचं कधीच नव्हतं. जमीन गावकरीची, म्हणजे गावाची सामायिक. १५२६ मध्ये पोर्तुगीज अधिकारी अफोंसू मेशिया यानं गावकरीच्या चालीरीती लेखी नोंदवल्या, त्या तेव्हाच जुन्या होत्या. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. काही ठिकाणी ती नीट चालते, काही ठिकाणी बांध फुटतो, शेतात खारं पाणी शिरतं आणि चार-पाच वर्षांत तिथे खारफुटीचं रान होतं.

आणि मासे. मानशीत सुकतीच्या वेळी जाळं लावलं की शेवटे, काळुंद्र, सुंगटं मिळतात, म्हणून मासे धरायच्या हक्काची पावणी होते, बोली लागते. इथे खरी मेख आहे. भातवाल्याला झडप वेळेवर मिटलेली हवी. मासेवाल्याला ती जरा जास्त वेळ उघडी राहिली तर बरं. खारं पाणी आत आलं की मासा जास्त, भात कमी. कोण बरोबर हे मी सांगणार नाही, मला दोघांच्याही घरचं जेवण मिळालेलं आहे. पण भात कसणारे कमी होत चालले आणि माशांचा भाव वाढत चालला, तेव्हा झडप कुणाच्या बाजूनं झुकेल याचा अंदाज बांधायला पंचांग लागत नाही.

यानंतर माझ्या रविवारांना दिशा आली. दिवाडीच्या फेऱ्या, कुंभारजुवे कालव्याच्या काठची गावं, नेरूल. जिथे खाडी तिथे मानस शोधायची, आणि जो भेटेल त्याला तिथी विचारायची. तिथी विचारली की लोक बोलतात, हा माझा अनुभव. "इथे बघण्यासारखं काय आहे?" असं विचारलं की देवळाचा नाही तर बीचचा रस्ता दाखवतात. "आज पाणी किती वाजता भरतं?" विचारलं की खुर्ची येते.

कुंभारजुवे कालव्याकडच्या लोकांनी पाण्यात पाय सोडून बसू दिलं नाही. तिथे मगरी आहेत. काही गावांत पौष अमावास्येला मातीची मगर घडवून पूजा करतात, तिला मांगे थापणी म्हणतात. बांध आणि शेत राखावं म्हणून हे मागणं. अमावास्येलाच का, तर मला वाटतं, अमावास्येला उधाण असतं आणि बांधावर जास्त ताण येतो. हे माझं अनुमान. मी ज्या आजींना विचारलं त्या म्हणाल्या, "आमची रीत," आणि विषय संपवला.

रोजच्या रस्त्याकडेही आता वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. रायबंदर ते पणजी हा बांधरस्ता पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काळात, १६३३-३४ मध्ये, खाजनातून आणि मिठागरांमधून बांधला. तीन किलोमीटरहून थोडा जास्त. खालच्या कमानींतून पाणी ये-जा करतं. मी त्यावरून वर्षानुवर्षं स्कूटर दामटत होते. आता सुकतीच्या वेळी एखादी कमान रिकामी दिसली की पाऊणपट आपोआप होते.

मिठागरांचं नाव निघालं म्हणून आता आगरवाड्याबद्दल सांगते, कारण सगळ्यात जास्त शिकले ते तिथे.

ऑफिसातला एक सहकारी पेडण्याचा. त्याच्या ओळखीनं शापोरा नदीकाठच्या आगरवाड्याला एका मिठागरवाल्या कुटुंबाकडे गेले. शिवोलीचा पूल ओलांडला की पलीकडे चोपडे, आणि मग आगरवाडा. जानेवारी होता. मला वाटलेलं, पांढरे ढीग दिसतील. दिसला तो चिखल. काकींनी, म्हणजे त्या घरच्या कर्त्या बाईंनी, मला वरून खाली न्याहाळलं. "मीठ घ्यायचं असेल तर मार्चात या."

"मला बघायचंय कसं करतात ते."

"मग चपला काढा."

पावसाळाभर मिठागर पाण्याखाली असतं. पाऊस गेला की सुकतीला मानशीतून ते पाणी सोडायचं, आतले लहान बांध चिखलानं लिंपायचे, आणि मग वाफ्यांचे तळ बसवायचे. तळ आधी पायांनी तुडवतात, मग लाकडी फळीनं चोपतात, मग ऊन खाऊ देतात, पुन्हा चोपतात. या कामाला कुणी फोटो काढायला येत नाही. पण मीठ काळं होणार की पांढरं हे इथेच ठरतं. तळ भुसभुशीत राहिला तर ओढताना मिठाबरोबर माती येते. काकींनी मला एका कोपऱ्यातला वाफा तुडवायला दिला. अर्ध्या तासात पोटऱ्या बोलायला लागल्या. काकी साठीच्या पुढच्या, आणि सकाळपासून तेच करत होत्या. मधूनच म्हणायच्या, "टाच नको, अख्खं पाऊल टाका, वैनी."

पाणी घ्यायचा दिवस काकींच्या घरातही भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवलेला होता: पौर्णिमा. उधाणाला नदी सगळ्यात वर चढते, तेव्हाच मोठं तळं भरून घेता येतं. अष्टमीच्या आसपासचं भांगाचं पाणी तेवढं चढतच नाही. हे त्या मला समजावून सांगायला लागल्या तेव्हा मी अष्टमीची भरतीची वेळ सांगितली, आणि ती इथे हिशोबाच्या आधीच येत असेल हेही. काकींनी नवऱ्याला हाक मारली, "ऐकलंत? कोल्हापूरची बाई पाणी सांगते." त्या दिवसापासून मला त्यांच्याकडे पेज मिळायला लागली.

मोठ्या तळ्यात पाणी तापत राहतं, मग पुढच्या तळ्यात, मग त्याहून उथळ तळ्यात, आणि शेवटी लहान चौकोनी वाफ्यांत. समुद्राच्या हजार लिटर पाण्यात सुमारे ३५ किलो क्षार असतात, त्यांतलं साधारण २७ किलो आपण खातो ते मीठ. पण पाणी आटून जेमतेम दहावा हिस्सा उरेपर्यंत हे मीठ खाली बसायला सुरुवातच करत नाही. त्याच्या आधी जिप्सम बसतं, चुन्यासारखा तो थर आधीच्या तळ्यांमध्येच राहून जातो. म्हणून तळी इतकी. मी हे वाचून गेले होते. काकींनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. त्या पाणी दोन बोटांत घेऊन चोळायच्या, आणि "उद्या सोडू" किंवा "अजून कच्चं आहे" म्हणायच्या. मीही चोळून बघायचे. मार्च संपेपर्यंत कच्चं आणि पिकलं यातला फरक माझ्या बोटांना थोडाफार कळायला लागला. पिकलेलं पाणी जरा तेलकट, जड लागतं.

मीठ धरतानाचं दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं ते सकाळी दहाच्या सुमाराला, वारा पडलेला असताना. दुधावर साय धरावी तसा पाण्यावर पातळ पापुद्रा आला, त्यात बारीक चौकोनी कण होते, आणि थोडं हललं की ते तुकडे होऊन खाली बसायचे. संध्याकाळी लांब दांड्याच्या लाकडी फळीनं ते कडेला ओढायचं. मला वाटलं, हे तरी सोपं असेल. सोपं नाही. फळी तळाला टेकवायची पण दाबायची नाही, आणि ओढताना थांबायचं नाही. माझ्या हातचं मीठ करडं निघालं, काकींचं पांढरं. त्यांनी माझा ढीग वेगळा ठेवला आणि म्हणाल्या, "हे माडाला." गोव्यात माडाच्या बुंध्याशी मीठ घालतात, तेव्हा अगदी वाया गेलं नाही.

बांधावर रचलेल्या ढिगातून पाणी निथळत राहतं. ते चाखून बघा, कडू असतं. मॅग्नेशियमचे क्षार त्यात निघून जातात. मिठाची चव सुधारते ती या निथळण्यात. मे महिन्यात पुरुमेंताच्या बाजारात, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी भरणाऱ्या बाजारात, हे मीठ जातं. आंबे खारवायला, मासे सुकवायला. मग एखादी वळवाची सर येते आणि एका तासात हंगाम संपतो. उरलेले ढीग झावळ्यांनी झाकायचे.

कधी काळी गोव्याचं मीठ जहाजांनी बाहेर जात होतं. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानं त्याचा ताबा इंग्रजांकडे गेला, १८९२ मध्ये करार संपला, पण तोवर धंद्याला बसायचा तो फटका बसला होता. अलीकडची गोष्ट म्हणजे २००६ पासून आयोडीन नसलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आहे. गलगंड टाळायला आयोडीन गरजेचंही आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण काकींचं गिऱ्हाईक त्यामुळे माड, मासे आणि लोणची एवढंच उरलं. त्यांची मुलं मिठागरात उतरत नाहीत. एक पर्यटकांना गाड्या भाड्यानं देतो, दुसरा म्हापशात दुकान चालवतो. मी दर रविवारी स्कूटरवरून येऊन फुकट चिखल तुडवते याचं त्या दोघांना फार हसू येतं. खरं सांगायचं तर, हंगामभर पोटासाठी तुडवायला लागला असता तर मीही दुकानच काढलं असतं. आवडीनं केलेलं काम आणि कामच असलेलं काम यांच्यात हा फरक आहे, आणि तो मिठागरात उभं राहिलं की टाचांना कळतो.

एप्रिलमध्ये बाबांना घेऊन मी गांजेला गेले, कारण एक प्रश्न उरलाच होता: उलटी वाहणारी नदी उलटी वाहायची थांबते कुठे? मांडवीत भरती मुखापासून साधारण ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत पोचते. आम्ही काठाला एक काठी रोवली आणि सावलीत बसलो. पाणी चढलं. थोडंच, पण चढलं, आणि आमच्या धक्क्याच्या वेळेपेक्षा चांगलं उशिरा. बाबांनी ओंजळ भरून चाखलं. गोडं. भरती तिथवर जाते, खार तिथवर जात नाही. समुद्र खालून रेटतो आणि नदीचं गोडं पाणीच मागं सरतं. बाबा ऐंशीच्या घरातले, आयुष्यभर चोडणला राहिलेले. "हें म्हाका खबर नाशिल्लें," म्हणाले, म्हणजे हे मला ठाऊक नव्हतं, आणि घरी आल्यावर त्यांनी हे सगळ्यांना मी सांगायच्या आधी सांगून टाकलं.

कुणाला आगरवाड्याला किंवा एखाद्या मानशीवर जायचं असेल तर चार गोष्टी सांगते. मीठ बघायचं तर मार्च-एप्रिल, आणि कष्ट बघायचे तर जानेवारी. मिठागरात सकाळी सातच्या आत किंवा दुपारी चारनंतर. मधल्या वेळी पांढऱ्या वाफ्यांवरून ऊन डोळ्यांत येतं, टोपी असून भागत नाही. वाफ्यांच्या मधल्या लहान बांधांवर विचारल्याशिवाय पाय ठेवू नका, ते मातीचे असतात आणि ज्यानं लिंपले तो तिथेच कुठेतरी उभा असतो. मानस मिटताना बघायची तर भरतीच्या वेळेला जाऊन उपयोग नाही, पूर्ण सुकतीला जाऊन बसा आणि शेंगदाणे बरोबर घ्या. आणि मीठ घेणार असाल तर झाकणाचा डबा न्या. ताजं मीठ ओलं असतं, कापडी पिशवीतून पाझरतं, आणि स्कूटरच्या डिकीला गंज चढायला एक पावसाळा पुरतो.